कोट कोणाचा

ऐक तर. ती शाल नीट गुंडाळून बस, मधे मधे बोलू नको, आणि नुसतं ऐक...

जामच्या स्टँडवरची गोष्ट आहे. स्टँड कसला, चौकातलं कडुनिंबाचं झाड, शकुबाईची चहाची टपरी आणि हिवाळ्यात टपरीपुढं पेटलेली शेकोटी. दिवाळी नुकतीच सरलेली, कार्तिकातली सकाळ. धुकं असं की नागपूरकडून येणाऱ्या ट्रकचे आधी दिवे दिसायचे, आणि ट्रक मागून आल्यासारखा यायचा. आपली जयवंता रोज तिथून हिंगणघाटची बस धरायची, शिवणक्लाससाठी.

आता आपल्या क्लासच्या पोरी तुला माहीतच आहेत. दात वाजले तरी चालतील पण अंगावर शाल नको, शालीत म्हातारी दिसते म्हणे. जयवंतानं त्यावर तोड काढली होती. कोटिंगच्या कापडाचा तुकडा आणून स्वतःसाठी जाकीट शिवलं. मरून रंगाचं, कमरेत बरोबर बसणारं, कॉलर ही एवढी मोठी, आणि आतून चक्क जुन्या रजईचं अस्तर. बाहेरून ऐट, आतून ऊब. ती त्या जाकिटात उभी राहिली की शकुबाईसुद्धा दूध उतू जाईपर्यंत बघत राहायची.

तर त्या सकाळी शेकोटीचा धूर एकदम फिरला. डोळे मिटून जयवंता मागं सरकली ती थेट कोणाच्या तरी पायावर. पटकन पाय काढायला गेली तर मागून आवाज आला—

"राहू द्या, राहू द्या. तेवढाच पाय गरम होऊन राह्यला."

वळून पाहते तर... अगं, कसं सांगू. उंच, सावळा, बेलबॉटम घातलेला, पापण्यांवर धुक्याचे बारीक थेंब, आणि हसू आधी डोळ्यांत आलेलं, ओठांवर मागून. जयवंताच्या छातीत काहीतरी लख्ख झालं. आणि दुसऱ्याच क्षणी विझलं. कारण त्याच्या अंगावर कोट होता.

हो, कोट. कॉफी कलरचा, रुंद कॉलरचा. आता आपल्याकडं कोट कोण घालतं, तूच सांग. ज्याचं लग्न झालं तो. लग्नात मुलीकडचे नवरदेवाला सूट शिवून देतात. भर वैशाखात बिचारा त्यात घामानं भिजतो, आणि मग तोच कोट जन्मभर हिवाळ्याला पुरतो. धोतरावर कोट, पायजम्यावर कोट, पहाटे पिकाला पाणी द्यायला, ओलिताला जाताना कोट. कोट दिसला की समजायचं, हा गडी गेला.

तिनं मनाला दटावलं आणि पाठ फिरवली.

पण रोज तीच बस, तीच शेकोटी. त्याचं नाव गुलाब. हसू नको, पोराचंच नाव आहे ते. तीच बस पुढं वडनेरला जायची, तिथल्या कापूस खरेदी केंद्रावर तो कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या हाताखाली लागलेला, म्हणून कोटाच्या बाह्यांवर नेहमी कापसाचे तंतू. तो तिच्यासाठी धूर न येणारी बाजू धरून ठेवायचा. तिच्या जाकिटाची तारीफ करायचा, म्हणायचा की असं जाकीट नागपूरच्या बर्डीवरच्या दुकानात पण पाहिलं नाही. आणि ही? ही त्याला असं काही फटकन बोलायची की शकुबाई पदरात तोंड लपवायची. लग्न झालेला माणूस आणि असा गोड बोलतो, हेच हिच्या डोक्यात. राग त्याचा कमी, स्वतःचाच जास्त. कारण बस यायला उशीर झाला की हिला आवडायचं ना...

एक दिवस त्याच्या कोटाचं मधलं बटण गायब. वारा सरळ छातीत घुसत होता, तो हात आवळून उभा. जयवंता किती वेळ बघणार? पिशवीतून सुई काढली. कॉफी रंगाचा दोरा नव्हता, लालच होता. बटण आहे का विचारलं तर त्यानं खिशातून काढून दिलं. अंगावरच लावायला घेतलं तिनं. म्हणजे बघ, त्याचा श्वास हिच्या बोटांवर आणि हिची नजर बटणाच्या भोकांवर. दुसरीकडं नेऊच शकत नव्हती.

"तुटलं कसं?" तिनं विचारलं.

"घरच्या पोट्ट्यानं तोडलं. दात येऊन राह्यले त्याले. मी घरी गेलो का कोट धरूनच लोंबकळते."

सुई बोटात गेली तिच्या. पोट्टं पण आहे. दात येणारं. तिनं दोरा दातानं तोडला नाही, हिसकला, आणि म्हणाली—

"मंग घरी बटन लावाले कोनी नाई काय?"

"हाय न, व..." तो सांगत होता, पण तेवढ्यात बस आली, हॉर्न वाजला, आणि पुढचं जे काही होतं ते हॉर्नमध्येच गेलं. ती पुढच्या दारानं चढली, तो मागच्या. त्या दिवसानंतर ती शेकोटीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहायला लागली. धुरात. डोळे लाल झाले तर धुरानं झाले म्हणता येतं.

आणि नेमकं तेव्हाच हिंगणघाटचं स्थळ आलं. घरचं कापडाचं दुकान, मुलगा शांत, पाहायला आले, पसंत करून गेले. वाईट काहीच नव्हतं गं, तेच तर वाईट होतं. तिच्या बाबांनी, वासुदेवरावांनी, सरळ विचारलं की बाई, तुझं काय म्हणणं. पौष लागला की या गोष्टी बोलत नाहीत, त्याच्या आत त्यांना कळवायचं. जयवंता काय सांगणार? की मला एक लेकुरवाळा माणूस आवडतो? म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं.

झालं. होकार द्यायला बाबा निघाले. तिच्याच बसनं, तिच्याबरोबरच. शेकोटीजवळ घोंगडी पांघरून बसले, शकुबाईचा चहा बशीत ओतून फुंकत. जयवंता झाडाला टेकून उभी, हात जाकिटाच्या खिशात.

तेवढ्यात धुक्यातून कोट आला.

कॉफी कलरचा, रुंद कॉलरचा, मधलं बटण लाल दोऱ्याचं. पण आत गुलाब नव्हता. आत भलताच माणूस, मिशीवाला, तब्येतीनं भरलेला. बाजूला त्याची बायको. त्याच्या कडेवर एक गुटगुटीत पोट्टं, आणि ते इमानदारीत बटण चावत होतं. आणि या सगळ्यांच्या मागून, टेरिकॉटच्या पातळ शर्टात, कानाला दुपट्टा बांधून, काखेत हात घालून कुडकुडत येणारा... गुलाब.

जयवंता झाडापासून सुटलीच. सरळ त्या बाईपुढं जाऊन उभी राहिली आणि विचारलं, "वयनी, हा कोट कोनाचा?"

बाईला हसू आलं. "यायचाच. आमच्या लग्नातला. पन हे कधी घालते, या गुलाबभाऊजीच्याच अंगावर राह्यते. आज माह्या माहेरी चाललो, जावई बिना कोटाचा कसा जाईन? म्हून काढून घेतला. भाऊजीले त्यायचा भेटन लग्नात."

अगं, महिनाभर हिनं त्या कोटाला शिव्या दिल्या होत्या आणि कोट त्या बाईच्या दादल्याचा निघाला. म्हणजे गुलाबच्या मोठ्या भावाचा, रूपरावचा. पोट्टं रूपरावचं. हॉर्नमध्ये गेलेली ती ही वहिनी. गुलाबला काही कळेना, तो आपला दुपट्ट्यातून बघतोय, ही हसते की रडते.

आणि तिकडं बसचे दिवे दिसले. बाबा उठले. घोंगडी झटकली, टोपी नीट केली, आणि रस्त्याच्या कडेला निघाले.

आता बघ. बस थांबणार, बाबा चढणार, हिंगणघाटात उतरून हो म्हणणार. बाबांनी एकदा शब्द दिला की तो परत फिरत नाही, हे तिला माहीत. बोलायला वेळ नाही. आणि भर स्टँडवर, बापासमोर, पोरीनं बोलायचं तरी काय?

तिनं पिशवीतून मापाची टेप काढली आणि गुलाबपुढं जाऊन उभी राहिली.

"हात वर करा."

"काऊन?"

"माप घेतो. कोटाचं."

त्याचे हात आपोआप वर गेले. शकुबाईची किटली हवेतच राहिली. कारण नवरदेवाच्या कोटाचं माप कोण घेतं हे त्या चौकात लहान पोराला पण माहीत आहे. वहिनीनं तोंडावर पदर घेतला. आणि बाबा थांबले. मागं वळले.

"जयवंता. काय करून राह्यली तू?"

तिनं टेप त्याच्या छातीभोवती फिरवली. मागं न बघता म्हणाली, "बाबा, हिंगनघाटच्या लोकायले नाई म्हना. कोट द्याचाच हाय तं मले याले द्याचा हाय."

बस येऊन उभी राहिली. इंजिन धडधडतंय. बाबांनी गुलाबला वरून खाली पाहिलं. कोणाचा म्हणून विचारलं. रूपरावनं सांगितलं, अण्णाजीचा धाकटा. बाबांच्या कपाळावरची एक आठी गेली. अण्णाजी त्यांच्या बैलबाजारातल्या ओळखीचे, आपल्यातलेच. पण दुसरी आठी होतीच.

"पोरा, तुले काही म्हनाचं हाय का नुसतेच हात वर करून उभा राह्यतो?"

गुलाबचे दात वाजत होते. थंडीनं की कशानं, देव जाणे. म्हणाला, "काकाजी, केंद्रावर माही ड्यूटी दुपारची हाय... या बसचं मले काही कामच नाई. दिवाळीपासून या टायमाले येतो. वडनेरले जाऊन चार घंटे पायरीवर बसून राह्यतो."

टेप हातातून निसटली जयवंताच्या.

रूपराव हसला ते इतक्या मोठ्यानं की पोट्टं दचकलं. म्हणाला, चला, माहा कोट सुटला एकदाचा. कंडक्टरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, काकाजी, येता का? बाबांनी हात हलवून बस जाऊ दिली. हिंगणघाटला त्यांनी नंतर पत्र टाकलं, चांगल्या शब्दांत. पण त्या वेळी काय केलं माहीत आहे? खाली पडलेली टेप उचलली, झटकली, पोरीच्या हातात दिली. आणि स्वतःची घोंगडी काढून त्या कुडकुडणाऱ्याच्या खांद्यावर टाकली.

"माप सैल घेजो, बाई," म्हणाले. "अंदरून स्वेटर बसला पाह्यजे."

वैशाखात आहे लग्न. कोट ती स्वतः शिवतेय, अस्तर रजईचंच.

आता तू सांग. बाप समोर, बस आलेली, आणि हातात नुसती एक टेप... तू काय केलं असतंस?