बाजूला बसलेली सून

केशवराव मोघे चपला न काढताच थेट पाग्यांच्या बैठकीत शिरले आणि भीमरावांना तेवढ्यावरूनच कळलं की काहीतरी भलतंच झालंय. झाशीच्या दतिया गेटातली जुनी मराठी मंडळी घराला आग लागली तरी चपला दारातच काढतात.

"श्रीकृष्णपंत, माझी बकुळ नाहीशी झाली," केशवराव म्हणाले आणि मटकन खाली बसले. "जावई म्हणतात, कुणाचा तरी हात धरून पळाली. माझी बकुळ! अहो, जिवंत असेल नसेल तो देवाचा खेळ. पण ती तसली नव्हती, एवढं मला सिद्ध करून द्या. मला चार माणसांत तोंड दाखवायला जागा उरली नाही."

श्रीकृष्ण पागे झाशीत खाजगी तपासाची कामं करत. सन अडतीसात हा धंदा लोकांना नुसता उद्योग वाटे, तोही नसता. पागे वकिली शिकलेले, पण कोर्टात त्यांचा जीव रमेना. कोडं सुटलं की सगळ्यांना समोर बसवून ते कसं सुटलं हे सांगण्यात मात्र त्यांना विलक्षण गोडी. ती सांगायची वेळ आली की हा माणूस जेवणसुद्धा विसरे. भीमराव त्यांचे बालमित्र. पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, डोकं जरा सावकाश चालणारं. त्याबद्दल रोज बोलणी खायचे आणि रोज यायचे.

"जावई कसे आहेत?" पाग्यांनी विचारलं.

"नीलकंठ? सोन्यासारखा मुलगा. रेल्वेत गार्ड आहे. पोरीची हौस किती पुरवतो म्हणून सांगू! तिला बांगड्यांचा भारी सोस. सीपरी बाजारातला मनिहार दर पंधरवड्याला क्वार्टरवर येऊन नव्या भरून जातो. कोण नवरा एवढं करतो?"

"माहेरी आली होती का एवढ्यात?"

केशवरावांनी पागोट्याचं टोक चाचपलं. "होळीला आली होती. परत जायचं नाही म्हणाली. मी समजूत काढली आणि स्वतः पोचवून आलो. तिला आई नाही हो, चार गोष्टी सांगायला मीच. प्रकृतीही बरी नव्हती तिची. अन्नावर वासना नव्हती. उन्हाचं असेल."

दुपारी दोघे मित्र टांग्याने रेल्वेच्या क्वार्टर्सकडे निघाले. चैत्र संपत आलेला आणि झाशीचं ऊन असं की घोडासुद्धा सावली बघून थांबे.

नीलकंठने त्यांना आदराने बसवलं, स्वतःच्या हाताने पाणी दिलं. गोरा, नीटनेटका, हळू आवाजात बोलणारा माणूस. भीमरावांना तो आवडला, आणि आपल्याला तो का आवडला याचं त्यांना पुढे बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

"मामांनी उगाच तुम्हाला त्रास दिला," तो म्हणाला. "सरळ आहे सगळं. बुधवारी रात्री ती बाजूला बसली. मागली खोली त्यासाठीच ठेवलीय. आमच्याकडे सोवळंओवळं कडक. गुरुवारी संध्याकाळी मी गाडी घेऊन बीनाकडे गेलो. शनिवारी सकाळी आई पाहते तर खोली रिकामी, मागलं दार उघडं."

"गुरुवारी निघताना ती खोलीत होती?"

"होती की."

"तुम्ही पाहिलीत?"

"बाजूला बसलेल्या बाईचं तोंड पाहतात का कुणी? आईनं सांगितलं. मी बाहेरूनच दरडावून गेलो, आल्यावर बघतो म्हणून." तो किंचित हसला. "शनिवारी सुटलेल्या एकूण एक गाडीचे गार्ड आणि टीसी माझे दोस्त. सगळ्यांना विचारलं, अजून विचारतोय. ती सापडल्याशिवाय मी राहणार नाही, पागेजी."

त्याची आई अहिल्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून कैऱ्या चिरत होती. वर न बघता ती हवं तेवढंच बोलली. हो, बाजूला बसली होती. हो, जेवण दारात ठेवत होते. नाही, कुणाशी बोलणं नव्हतं तिचं.

"कैऱ्या छान आहेत," भीमराव आपले काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले.

"दर साली येतात. मावसबहीण आहे माझी मऊरानीपुरास, तिच्याकडच्या." एवढं बोलून ती एकदम गप्प झाली आणि विळी जोरात चालू लागली.

शेजारच्या क्वार्टरमध्ये सिंधू राहत होती. भुसावळकडची, नुकतंच लग्न होऊन आलेली, बोलायला माणूस मिळालं की हरखून जाणारी.

"मंगळवारी आमच्याकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं ना, तेव्हा बकुळताई आल्या होत्या. आंबेडाळ दोनदा मागून घेतली. वर मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी वेगळ्याच. बरं वाटलं मला, कुणीतरी मनापासून खाल्लं. पण मी फोडणी टाकली मात्र, तोंडाला पदर लावून मागल्या दारी पळाल्या. ऊन लागलं म्हणाल्या."

"भांडणं ऐकू यायची?"

सिंधूने आवाज खाली आणला. "भांडणाला दोन माणसांनी बोलावं लागतं. इथे एकच बोलायचा. आणि मग बांगड्या फुटल्याचा आवाज. बुधवारी संध्याकाळी तर फारच झालं. आमच्या ह्यांना म्हटलं, जाऊन बघा. हे म्हणाले, दुसऱ्याच्या घरात आपण काय बोलणार."

"आणि त्यानंतर बकुळ दिसली?"

"छे. गुरुवारी पहाटे अहिल्याकाकूच अंगणातून मोठ्याने ओरडून म्हणाल्या, आमची सून बाजूला बसलीय, कुणी येऊ नका. मला कसंतरीच झालं. अशा गोष्टी आपण कुजबुजत सांगतो. साऱ्या ओळीला ऐकू गेलं असेल."

"बाहेरचं कुणी आलं-गेलं?"

"कुणी नाही. त्यांची कामवाली चंपा तेवढी गेली तासाभराने, गावाला. घुंघट काढून, चाल जड. अहिल्याकाकू तिला फाटकापर्यंत सोडायला गेल्या, तिचं गाठोडं उचलून. फार माया हो त्यांची. आदल्या संध्याकाळी माझ्या ह्यांना तिच्यासाठी गाडीसुद्धा विचारून गेल्या होत्या, मऊरानीपुरची सकाळची."

चंपा एव्हाना गावाहून परतली होती. नळावर भांडी घासता घासताच तिने उत्तर दिलं.

"हम तो बुध की संझा खों चले गए ते, बाबूजी. बबीना में भतीजी को ब्याव हतो. बाई ने खुदई छुट्टी दई."

परतीच्या टांग्यात भीमरावांचा संताप मावेना. "चंपा खोटं बोलते. सिंधूने तिला गुरुवारी पाहिलं. आणि कृष्णा, मला दिसतंय काय झालं ते. बुधवारी त्याने पोरीला मारून टाकलं. आईने तीन दिवस ती जिवंत असल्याचं नाटक केलं, म्हणजे शनिवारी हा गाडीवर होता असं सांगता यावं."

"शाबास," पागे म्हणाले. "निम्मं बरोबर आहे. नाटक झालं. पण ते कुणासाठी?"

भीमरावांनी बराच वेळ घोड्याच्या पाठीकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीलकंठ लाईनवर असताना पाग्यांनी केशवराव आणि अहिल्याबाई दोघांनाही बैठकीत बोलावलं. अहिल्याबाई भिंतीला टेकून बसली. केशवराव गुडघ्यांवर हात घट्ट आवळून बसले होते.

"बकुळ बाजूला बसलेली नव्हती," पाग्यांनी सुरुवात केली. "बसणं शक्यच नव्हतं. होळीपासून अन्नावर वासना नाही, फोडणीच्या वासाने मळमळ, आणि कैरीचे डोहाळे. हळदीकुंकवाला सगळ्याच बायका आंबेडाळ खातात, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. सिंधू नवखी, तुम्ही पुरुषमाणूस. तुमची मुलगी गरोदर आहे, केशवराव."

केशवरावांचं तोंड उघडंच राहिलं.

"म्हणजे गुरुवारपासून त्या खोलीत कुणीही नव्हतं. मग ती बाहेर कशी पडली? ओळीतल्या डझनभर डोळ्यांसमोरून. चंपा बुधवारीच गेली होती, ती खरंच बोलते. गुरुवारी गेली ती चंपाची धोती नेसलेली बाई. आपल्या बायका घुंघट घेत नाहीत, म्हणून घुंघट दिसला की ती आपल्यातली नव्हे असं सगळ्यांनी धरलं. पण कामवालीचं गाठोडं मालकीण उचलून नेते, हे कधी पाहिलंय? सून असेल, मार खाऊन तिचा हात उचलत नसेल, पोटात पोर असेल, तर मात्र सासू गाठोडं उचलते."

भीमरावांनी अहिल्याबाईकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते.

"भीमराव म्हणाला, खून झाला. पण खून करणारा शनिवारच्या गाड्यांच्या मागे इतका हात धुऊन लागत नाही. नीलकंठला खरंच माहीत नाही. शेजाऱ्यांना काय, काहीही सांगता आलं असतं. त्या खोलीपासून दूर ठेवायचा होता तो एकच माणूस, आणि त्याला अडवेल असं घरात एकच कारण होतं. कुलूप त्याने तोडलं असतं. विटाळ तो तोडणार नव्हता. अहिल्याबाई, तुम्ही पोटच्या मुलाला फसवलंत, आणि ती दूर जाईपर्यंत त्याला दाराबाहेर ठेवलंत."

"खरं आहे," अहिल्याबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "बुधवारी त्याने तिच्या पोटावर लाथ उगारली. मी मध्ये पडले. त्याच्या बापाच्या लाथांनी माझी दोन पोटातच गेली. तेव्हा कुणी मध्ये पडलं नव्हतं. आता बस्स, भाऊ. पुढचं बोलू नका."

"पुढचं तर सगळ्यात सोपं आहे," पागे म्हणाले.

"भाऊ, हात जोडते."

केशवरावांच्या चेहऱ्यावर हसू पसरत होतं, आणि ते हसू भीमरावांना बरं वाटेना. त्यांनी पाग्यांची बाही ओढली. पण पाग्यांना आता थांबवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

"गाडी विचारली मऊरानीपुरची. चंपाचं गाव बबीना, अगदी उलट दिशेला. आणि मऊरानीपुरात तुमची मावसबहीण आहे. बकुळ तिच्याकडे सुखरूप आहे."

केशवराव ओक्साबोक्शी रडू लागले. रडता रडता हसत होते.

"पळाली नाही," ते म्हणाले. "माझी पोर पळाली नाही. सासूनेच पाठवली. आणि वर गोड बातमी! श्रीकृष्णपंत, तुम्ही माझं नाक राखलंत." ते उठून उभे राहिले. "आधी जावईबापूंना सांगतो. बिचारा भलत्याच संशयात जळतोय."

"केशवराव," पागे चटकन म्हणाले, "ही गोष्ट आपल्या चौघांतच राहायला हवी."

"का म्हणून? आळ त्यांनीच घेतला, मग बकुळ निर्दोष असल्याचं त्यांनाच आधी कळायला नको?"

"तो मारून टाकेल तिला," अहिल्याबाई म्हणाली. "मी आई आहे त्याची. मी सांगते."

"विहीणबाई, तुम्ही घाबरलात. तापट माणसं असतात. बाप व्हायचं कळलं की निवळतील. पहिलटकरणीला परक्याच्या दारात ठेवून कसं चालेल? लोक काय म्हणतील?"

"आम्हाला मेलं लोकांचं काय करायचंय? बाळंतपण होईस्तोवर तरी राहू द्या तिला. मग मी स्वतः आणून घालते."

केशवरावांनी तिला वाकून नमस्कार केला. मनापासून केला. त्यांना खरोखर वाटत होतं की या बाईने आपल्या मुलीचं फार भलं केलं आणि उरलेलं आता आपण करायचं. मग ते चपला घालून निघून गेले.

"अडव त्यांना," भीमराव म्हणाले. "वकील ना तू? काहीतरी कायदा सांग."

"कायदा आहे," पागे म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "नवरा न्यायला आला तर बायको कुणी लपवून ठेवायची नाही, असा आहे. मावसबहिणीवरच फिर्याद होईल."

"मग तार करा तिला."

"तारबाबू त्याच्याच पंगतीतला," अहिल्याबाई म्हणाली. "मऊरानीपुरची गाडी आता संध्याकाळी. नीलकंठ दुपारी उतरतो. त्याला गाडी लागत नाही, कुठल्याही मालगाडीच्या ब्रेकमध्ये, गार्डाच्या डब्यात, चढून जाईल." तिने पदर खोचला आणि उठली. "तरी मी स्टेशनवर जाऊन बसते. घरी बसून काय करू?"

जे सांगितलं ते परत घ्यावं असं पाग्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

भीमराव धावत बाहेर पडले. या वयात धावणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. टांगा मिळेपर्यंत आणि क्वार्टर्स गाठेपर्यंत दुपार झाली. दार उघडंच होतं. नीलकंठ नुकताच ड्यूटीवरून उतरलेला, कोटाची बटणंही सोडलेली नव्हती. समोर केशवराव, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांचं सगळं सांगून झालं होतं, आणि सुटका झालेल्या माणसासारखे ते डोळे पुसत होते.

"नीलकंठराव," भीमराव दारातून धापा टाकत म्हणाले, "ऐका. पोर नाजूक अवस्थेत आहे. काही दिवस जाऊ द्या. आम्ही दोघे जातो, तिला विचारतो, मग..."

नीलकंठ शांतपणे ऐकत होता. मग तो वाकून केशवरावांच्या पाया पडला. केशवरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"मामा, तुम्ही कशाला उन्हाची दगदग करता," नीलकंठ म्हणाला. त्याने खुंटीवरची टोपी काढून डोक्यावर नीट बसवली. "तुम्ही बसा इथेच. मी एकटाच जाऊन तिला घेऊन येतो."

तो भीमरावांच्या बाजूने अगदी अदबीने, त्यांना धक्काही न लावता बाहेर पडला आणि यार्डाकडे चालू लागला. भीमराव दारात उभे राहिले. हाक मारावी तर कुणाला, हेच त्यांना कळेना. शेजारच्या खिडकीत सिंधू उभी होती.

केशवरावांनी पुडा सोडला. "घ्या भीमराव," ते म्हणाले, "तोंड गोड करा."