अर्ध्या सेकंदाचा स्पर्श

डोळ्यांवर पट्टी बांधलेले दस्तगीर शिकलगार "टोचलं" म्हणाले, तेव्हा सुई त्यांच्या उजव्या करंगळीपासून चांगली दोन इंच दूर होती.

फिजिओथेरपिस्ट विल्यम आवळे सुई तशीच धरून डॉ. इरावती कारखानीसांकडे बघत राहिला.

"तू आधी त्यांना काय म्हणालास?" इरावतींनी विचारलं.

"नेहमीचंच. चाचा, करंगळीला टोचतो हं. न सांगता पेशंटला कसं टोचायचं, मॅडम? बरं दिसतं का ते?"

"आता न सांगता टोच."

विल्यमनं टोचलं. रक्ताचा बारीक थेंब आला. दस्तगीरचाचा स्वस्थ बसले होते. "करा की सुरू," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

दस्तगीरचाचा मिरजेचे सतार बनवणारे. चाळीस वर्षं मान खाली घालून काम केलं, त्यात मानेच्या मणक्यांमधली चकती सरकली आणि मज्जारज्जू दाबला गेला. उजव्या हाताची बोटं बधिर झाली. चार महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली. दोन मणके धातूची पट्टी आणि स्क्रूनं जोडले, आणि इजा झालेल्या जागी मज्जासेतू नावाचं तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र बसवलं. दुखणं गेलं, पण आवाज बसला तो बसलाच. भाकरी घशात अडकायची, मान वाकायची नाही. एवढं ते सोसायला तयार होते. प्रश्न बोटांचा होता. तपासणीत बोटं शंभरपैकी शहाण्णव गुण मिळवत होती, तरी ते आज तक्रार घेऊन आले होते.

"डॉक्टर, तुम्ही कामाला बंदी घातलीय, पण मी चोरून एक घोडी घासली," त्यांनी सांगितलं होतं. घोडी म्हणजे सतारीच्या तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. तिचा माथा केसाएवढा जरी चुकला तरी तार खरखरते. "बोट म्हणालं, माथा गुळगुळीत. तार चढवली तर कान म्हणाला, चूक. चाळीस वर्षांत या दोघांचं कधी भांडण झालं नव्हतं."

डोळ्यांवरची पट्टी सोडल्यावर चाचांना बोटावरचं रक्त दिसलं. त्यांनी ते दुसऱ्या हातानं पुसलं आणि पुन्हा बोटाकडे पाहिलं, जणू ते कुणा दुसऱ्याचं असावं.

"मज्जासेतू निरोप पोचवतो, पण सावकाश," इरावती समजावू लागल्या. "बोटाचा निरोप मेंदूत जायला अर्धा सेकंद उशीर होतो. एवढ्या उशिरानं माणूस गोंधळतो. म्हणून आम्ही सेतूत एक अंदाजक घातला. बोटाला आता काय लागणार असं तुमच्या मेंदूला वाटतंय, ते तो ओळखतो आणि तोच स्पर्श आधी देऊन टाकतो. मागून खरा निरोप येतो. दोन्ही जुळले तर ठीक. नाही जुळले तर अंदाजक शिकतो."

"आणि नेहमीच जुळले तर?" विल्यमनं विचारलं.

इरावतींनी संगणकाच्या पडद्यावर एक आकडा काढला. "तर त्याला वाटतं, खऱ्या निरोपाची गरजच नाही. हा त्याचा विश्वासांक. खऱ्या निरोपाला तो किती किंमत देतो ते. सुरुवातीला शंभर होता. आज दोन आहे."

विल्यमचा चेहरा उतरला. "म्हणजे मी सांगून सांगून..."

"तू एकटा नाहीस. नर्सेस, मी, सगळेच. आपण इतकं सांभाळून हात लावला की चाचांच्या बोटाला नवं काही घडलंच नाही."

"मग आता?" चाचांनी विचारलं. "हे बोट माझं होणार की नाही? तसं नसेल तर सांगा, कानशी विकून टाकतो."

"त्याला चकवायचं. घरच्यांना सांगा, न सांगता स्पर्श करा. बर्फ, कंगवा, काहीही."

त्यांच्या पत्नी मेहरुन बाजूलाच बसल्या होत्या. "हे काम माझ्यावर सोडा," त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून यांना चिमटा काढायची संधी शोधतेय."

दहा दिवसांनी दोघं परत आले. चाचांनी उजवा हात छातीशी धरला होता.

"दिवसभर टोचतंय. कुणी जवळ नसतं तरी. गार लागतं, चिमटा बसतो, झुरळ चालतं."

"मी तर दोन दिवसांपासून हातसुद्धा लावला नाही," मेहरुन म्हणाल्या. "स्वयंपाकघरातून नुसती खोकले तरी ओरडतात!"

इरावतींनी आकडा पाहिला. दोनच.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आता हात सतत काहीतरी होणार म्हणून वाट बघतोय. अंदाजक त्याला ते काहीतरी पुरवतोय."

"यंत्रानं टोचलं तर? कधी टोचेल ते कुणालाच कळणार नाही," विल्यम म्हणाला.

"वाट बघणं संपणार नाही रे त्यानं." त्या चाचांकडे वळल्या. "चाचा, घोडी घासताना बोट कशाची वाट बघतं?"

"वाट कसली? ते शोधत असतं. माथा कुठं चढला, कुठं उतरला."

"शोधणाऱ्या हाताला एकच गोष्ट अपेक्षित असते. आणि समोर भलतंच निघालं, तर अंदाजकाला चूक कबूल करावी लागते. पण तुमची स्वतःची घोडी चालणार नाही. ती तुम्हाला पाठ आहे. दुसऱ्या कुणीतरी चुकवलेली हवी." इरावतींनी चाचांची फाइल पुढे ओढली. "बोटं बरी होईपर्यंत काम करू नका, असं मीच लिहून दिलं होतं. ते उलटं होतं. कामाशिवाय बोटं बरी होणारच नाहीत."

शिकलगारांच्या दुकानात दुसऱ्यानं बिघडवलेली घोडी कधी घेतली जात नसे. ती ज्यानं बिघडवली त्यानंच फेकायची, असा आजोबांपासूनचा शिरस्ता. चाचांनी तो मोडून त्याच संध्याकाळी गल्लीतल्या साऱ्या कारागिरांकडून टाकाऊ घोड्यांची पिशवी भरून दवाखान्यात आणवली. मान वाकत नव्हती, म्हणून विल्यमनं मेज छातीपर्यंत उंच केलं.

चाचांनी डोळे मिटून पहिल्या घोडीच्या माथ्यावरून तर्जनी फिरवली. गुळगुळीत. बोट पुढे सरकलं. आणि मग, बोट तिथून निघून गेल्यावर, एक बारीकशी खाच उमटली.

ते थबकले. बोट मागे नेलं. पुन्हा गुळगुळीत, आणि पुन्हा, उशिरानं, खाच.

"इथं," ते म्हणाले. "इथं कानस घसरलीय कुणाची तरी."

विल्यमनं भिंग लावून पाहिलं आणि मान डोलावली. पडद्यावर दोनाचे तीन झाले.

चाचांनी घोडी बाजूला ठेवली आणि पिशवीत हात घातला.

"ही फारच बरी निघाली," ते म्हणाले. "विल्यम, याहून वाईट काम कोण करतं, त्याचा पत्ता काढ."