पहिलं नाव दादाजींचं

मे महिन्यात नागपुरात भर दुपारी दुकान उघडं ठेवणारा माणूस एक तर या गावात नवा असतो, नाही तर त्याचं घरात कोणाशी पटत नसतं. इतवारीतले जुने व्यापारी ऊन डोक्यावर आलं की शटर ओढतात, आत कूलरसमोर आडवे होतात आणि उन्हं कलली की पुन्हा गल्ल्यावर येतात. मधुकररावांचंही तसंच होतं. मोटारपंपाच्या सुट्या भागांचं दुकान, गिऱ्हाईक काटोल-नरखेडकडचं, संत्र्याच्या बागांचं. शाळा सातवीपर्यंत झालेली, पुढचं इंग्रजी मोटारींच्या नेमप्लेटा वाचून आलेलं. माणूस असा गोड, की पंप दुरुस्त न होता परत न्यावा लागला तरी गिऱ्हाईक नाराज होऊन जात नसे.

त्या उन्हाळ्यात त्यांनी एका बंद पडलेल्या कारखान्याच्या कचेरीतून कॉम्प्युटर आणला होता. कोणता बुश कोणत्या कपाटात हे पोरांना विचारत बसायचं नाही, डब्याला विचारायचं, एवढाच हेतू. पण डबा आला तो मुका. तो चालू करायची जी मूळ यंत्रणा असते, तिची तबकडी विकणाऱ्यानं ठेवून घेतलेली. मग रामदासपेठेतला विश्वनाथ, मधुकररावांच्या साडूचा मुलगा, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणारा, एक काळी पातळ तबकडी, फ्लॉपी म्हणतात ती, घेऊन आला. म्हणाला, ही आम्ही काही जणांनी मिळून लिहिलेली यंत्रणा आहे, फुकट वाटतो, एका वेळी अनेक जण तिच्यावर काम करू शकतात.

फुकट म्हटल्यावर मधुकररावांनी तबकडी आधी नाकाजवळ नेली. त्याला कारण होतं. एकदा एका फिरत्या विक्रेत्यानं ग्रीसचा डबा फुकट दिला होता. तो त्यांनी सावरगावच्या एका गिऱ्हाइकाला तसाच फुकट दिला, आणि त्या ग्रीसनं मोटर अशी धरली की गिऱ्हाईक ती बैलबंडीत घालून दुकानासमोर येऊन बसलं आणि चहा पाजूनही हलेना. तेव्हापासून फुकटाची वस्तू ते हुंगून घेत. तबकडीला रेक्झिनचा वास होता. बाकी काही नाही.

विश्वनाथनं जाताना एक गोष्ट बजावली. सुरुवातीला नावं विचारील, त्यात पहिलं नाव तुमचंच टाका. पहिल्या नावाच्या हाती सगळ्या किल्ल्या असतात. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला काढायचं, हे फक्त तोच ठरवतो.

मधुकररावांनी मान हलवली.

आता दुकानाच्या मागची खोली सांगितली पाहिजे, कारण जे झालं ते तिथंच झालं. खिडकी नाही, खसाच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांचा कूलर आहे, भिंतीला लागून एक गादी आणि तक्क्या. ती गादी दादाजींची. दादाजी म्हणजे मधुकररावांचे थोरले भाऊ. दुकान त्यांनी उभं केलं. दुपारी ते गादीवर बसून सुपारी कातरत आणि चहाची वेळ झाली की अडकित्ता रिकामाच दाबत... कट्... कट्... तो आवाज वर जिन्यापर्यंत जाई, आणि प्रेमिलावहिनी चहा घेऊन खाली येत. दादाजींचा नियम असा, की त्यांनी बोलावलं की यायचं, आणि चहा संपवल्याशिवाय कोणी उठायचं नाही.

दादाजी गेले त्याला दोन उन्हाळे झाले होते. ते गेल्यावर वहिनी दुपारी उगाच चहा ठेवायच्या, आवाज आला म्हणायच्या, जिना उतरू लागायच्या. एकदा मधल्या पायरीवर चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय नाजूक आहे, उन्हात जिना नको आणि मनाला धक्का तर मुळीच नको. मधुकररावांनी तो अडकित्ता रामटेकला नेला आणि अस्थी जिथं सोडल्या होत्या त्याच अंबाळा तलावाच्या पाण्यात सोडून दिला. या वहिनींनी त्यांना आईच्या जागी वाढवलेलं. जाताना दादाजींनी हात धरून सांगितलं होतं, हिले सांभाळजो. हळूहळू वहिनी सावरल्या. यंदा त्यांनी कुरडयासुद्धा घातल्या होत्या.

तर त्या दुपारी घर झोपलेलं, गल्लीत कुत्रंही नाही, आणि मधुकरराव गादीशेजारी पाटावर ठेवलेल्या डब्यासमोर बसले. तबकडी आत सरकवली, खिट्टी लावली. घरघर झाली आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं की तबकडी वाचता येत नाही. काढली, पुसली, पुन्हा घातली. तेच. त्यांनी फोन फिरवला. विश्वनाथ म्हणाला, "काकाजी, कूलर चालू हाय का? बंद करा. त्याची ओल बसून राहिली असंल."

कूलर बंद केला. कूलरच्या आवाजाची सवय झालेल्या माणसाला तो बंद झाला की कोणीतरी खोलीत आल्यासारखं वाटतं. ताट्यांतून पाणी थेंब थेंब गळत राहिलं. खसाचा गार वास हळूहळू उतरला आणि त्याच्याखालून दुसरा एक वास वर आला, लवंग घातलेल्या सुपारीचा. मधुकररावांना वाटलं, गादी तापली म्हणून जुना वास सुटला असेल.

तबकडी लागली. डब्यानं पहिलं नाव विचारलं.

या घरात कुठलीही नवी वस्तू आली की आधी दादाजींच्या नावानं. नवी स्कूटर आली, हळदीच्या बोटानं तिच्यावर दादाजींचं नाव. नवा तराजू आला, पहिलं माप दादाजींच्या नावानं. ते गेल्यावरही हे मोडलं नव्हतं. पहिल्या जागी स्वतःचं नाव घालायला मधुकररावांचा हात धजेना. एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी 'दादाजी' असं टाकलं, आणि दुसऱ्या जागी 'मधुकर'. विश्वनाथला काय कळणार आहे, असं मनाशी म्हणाले आणि हसले.

डबा बराच वेळ घरघरला. मग थांबला. पडद्यावर आलं की आणखी एक जण आत काम करतो आहे, त्याचं काम संपल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

पुन्हा फोन. विश्वनाथनं विचारलं, दुसरा पडदा, दुसरा कळफलक काही जोडला आहे का? कुठला जोडणार, खोलीत हा एकच डबा. मग त्यानं एक हुकूम टाकायला सांगितला, आत कोण कोण आहे ते दाखवणारा. दोन नावं आली. मधुकर, आणि त्याच्यासमोर या पडद्याचा क्रमांक. दादाजी, आणि त्याच्यासमोरची जागा कोरी.

कट्...

मधुकररावांनी मागं पाहिलं. गादी होती तशी होती. तक्क्याला मात्र मध्ये खळगा पडलेला, टेकून बसल्यावर पडतो तसा.

कट्... कट्...

पडद्यावर तिसरी ओळ उमटू लागली. फोन खांद्याशी दाबलेला, मधुकररावांचे दोन्ही हात मांडीवर होते. एकेक कट् झालं की एकेक अक्षर. सावकाश, कसलीच घाई नसलेल्या माणसासारखं. प-चं अक्षर आलं, र-चं आलं, आणि नाव पुरं व्हायच्या आधीच त्यांना ते कळलं.

प्रेमिला.

त्यांनी कळफलक ओढला. नाव काढायचा हुकूम विश्वनाथला विचारून टाकला. उत्तर आलं, तुम्हाला अधिकार नाही. पुन्हा टाकला. अधिकार नाही.

"विश्वनाथ... मायाच्यानं निघून नाही राहिलं गा ते नाव."

"पहिल्या नावानं आत जा न काकाजी. तुमचंच टाकलं न?"

मधुकररावांनी पडद्यावरच्या पहिल्या नावावर बोट ठेवलं.

"काकाजी... कोणाचं टाकलं?"

"दादाजीचं."

विश्वनाथ हसला. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. म्हणाला, मग आता दादाजींनाच काढायला सांगा. मग हसू आवरून म्हणाला की मी येतोच, पण तोवर डबा बंद करू नका. कोणी आत असताना बंद केला, तर जो आत आहे तो आतच अडकून राहतो.

फोन ठेवला तेव्हा वर कपबशा वाजत होत्या.

मधुकरराव उठून जिन्याकडे धावले. वहिनी उतरत होत्या. हातात ट्रे, डोक्यावर पदर नीट घेतलेला, एवढ्या उन्हातही कपाळावर घामाचा थेंब नाही. मागच्या खेपेला पडल्या होत्या त्या पायरीवरही कठड्याला हात न लावता.

"वहिनी, वर जा... म्या नाही बलावलं."

"तुम्ही नाही भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. "त्यायनं बलावलं. तुमाले नाही आला आवाज?"

मधुकरराव दार अडवून उभे राहिले. वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, लहानपणी ताप असताना बघायच्या तसं. एवढ्या मायेनं पाहणाऱ्या बाईला हात लावून अडवायचं कसं, ते त्यांना सुचेना. त्या बाजूनं आत गेल्या, गादीच्या टोकाशी बसल्या आणि ट्रे खाली ठेवला. ट्रेमध्ये तीन कप होते. निळ्या काठाचा दादाजींचा. वहिनींचा पांढरा. आणि कान तुटलेला, मधुकररावांचा.

मधुकररावांनी मेन स्विच खाली पाडला. पडदा विझला, हिरवा ठिपका मध्यभागी आखडत गेला आणि नाहीसा झाला. अंधारात कूलरचं पाणी गळत होतं. बशीवर कप टेकल्याचा आवाज आला. आणि त्याच्या पलीकडे, वीज नसलेल्या त्या खोलीत, कट्... कट्... चालूच होतं.

"वहिनी, चहा नका घेऊ... वहिनी."

"घ्या भाऊजी," अंधारातून त्या म्हणाल्या. "तुमचा थंडा होऊन राहिला."

ते हातानं चाचपत पुढं गेले, त्यांचा हात सापडला, त्यातला कप काढून घेतला. रिकामा होता. हात अजून ऊन होता. बोटं मात्र मधुकररावांच्या बोटांवर मिटली नाहीत.

विश्वनाथनं शटर उचललं तेव्हा उजेड आत आला. वहिनी तक्क्याला टेकून होत्या, खांदा जरासा एका बाजूला, शेजारच्या माणसाला टेकावा तसा. निळ्या काठाचा कपही रिकामा होता, आणि तळाशी सुपारीचं ताजं खांड. कान तुटलेला तेवढा भरलेला.

तेरवी झाल्यावर विश्वनाथनं डबा उघडून पाहिला. यंत्रणा त्याच्यात गेलीच नव्हती. आतली साठवण कोरी, एक अक्षर उमटलेलं नाही, आणि तबकडीच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली, म्हणजे तिच्यावरही काही लिहिलं जाणं शक्य नाही. तो पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला, काकाजी, पहिली पायरीसुद्धा पुरी झाली नव्हती. मधुकरराव ऐकत होते. तिन्ही नावं त्यांनी पाहिली होती, आणि त्यातली पहिली दोन त्यांनी स्वतःच्या बोटानं घातली होती. दुसरं त्यांचं स्वतःचं.

डबा परत गेला. तबकडी विश्वनाथनं कात्रीनं कापली. गादी उचलून गोदामात टाकली. कान तुटलेला कप मधुकररावांनी स्वतःच्या हातानं घासला आणि वरच्या स्वयंपाकघराच्या फडताळात कुलूप लावून ठेवला. किल्ली जानव्यासारखी गळ्यात.

आता ते दुपारीही दुकान बंद करत नाहीत. शेजारचे हसतात, वहिनी गेल्यावर मधुकररावांचं घरात पटत नाही म्हणतात. तेही हसतात, गिऱ्हाइकाला पंखा लावून देतात, ग्रीसच्या डब्याची गोष्ट सांगतात. फक्त ऊन डोक्यावर आलं की बोलणं अर्धवट टाकून उठतात आणि मागच्या खोलीचं दार जरासं लोटून पाहतात.

किल्ली गळ्यातच असते, आणि रिकाम्या भिंतीपाशी जमिनीवर त्यांचा कान तुटलेला कप ठेवलेला असतो. काठोकाठ भरलेला. वाफ निघत असते, आणि वर अजून साय धरलेली नसते.