दहापैकी नऊ

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली तेव्हा आत एक मुलगी, एक कोबी, तीन गाजरं, दोन सिमला मिरच्या, पातीच्या कांद्याची एक जुडी आणि कमी मिठाच्या सोया सॉसची एक बाटली होती. सतरा मिनिटांनी वरचं दार किलकिलं झालं आणि दोन हात आत आले.

"आधी पिशवी द्या."

"आधी माणसाला काढतात ना?"

"पिशवी वाद घालत नाही. तिच्यापासून सुरुवात केलेली बरी."

तिला हसायचं नव्हतं… ती हसली.

ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. बाबांचं ब्लड प्रेशर वाढलं, डॉक्टरांनी बाहेरचं चायनीज बंद केलं आणि बाबांनी तोंड पाडलं. तेव्हापासून तिने घरीच प्रयोग मांडला होता. तेल चार चमच्यांवरून एकावर, सोया सॉस निम्मा, अजिनोमोटोला सुट्टी. त्या जागी आलं, लसूण, व्हिनेगर आणि ढीगभर भाज्या. अडचण एकच होती. बाबा चव न घेताच शून्य गुण द्यायचे.

"कोबीला चायनीज म्हटलं म्हणून तो चायनीज होत नाही, बाई."

"त्रयस्थ माणूस पाहिजे," त्या दिवशी घरी पोहोचल्यावर ती वैतागून म्हणाली, तेव्हा लिफ्टवाला तिची पिशवी घेऊन दारात उभाच होता. बाबांनी त्यालाच आत ओढलं. त्याने कोपरापर्यंत हात धुतले, नूडल्स तयार झाल्यावर वाटी संपवली आणि चिठ्ठीवर लिहिलं: दहापैकी नऊ.

लिफ्टच्या देखभालीला तो दर गुरुवारी यायचा, आणि गुरुवारी तिची सुट्टी असायची. दुसऱ्या गुरुवारी तिने तेल आणखी कमी केलं. नऊ. तिसऱ्या गुरुवारी मैद्याच्या नूडल्सऐवजी गव्हाच्या आणल्या. नऊ. त्या दिवशी तिने नवीन कानातलंही घातलं होतं. पण तो स्वयंपाकातला बदल नव्हता, म्हणून वहीत लिहिला नाही. चौथ्यांदा, नऊ.

पाचव्या गुरुवारी तिने मुद्दाम मीठ आणि सॉस दोन्ही वगळले. बाबांनी एक घास घेऊन वाटी लांब सरकवली. "पाण्यालासुद्धा याहून जास्त चव असते. तुला तरी ठाऊक हवं."

लिफ्टवाल्याने शांतपणे वाटी संपवली. नऊ.

ती चक्रावली. गुण खरे असतील, तर त्याच्या जिभेत काहीतरी बिघाड होता आणि तो नुसता जेवायला येत होता. गुण खोटे असतील, तर पाच आठवड्यांच्या नोंदी कचऱ्यात. आणि तिला तर मनापासून वाटत होतं की ते खोटेच असावेत… आपल्याच नोंदी खोट्या ठराव्यात असं वाटायला आपल्याला झालंय तरी काय, हे तिचं तिलाच कळेना.

सहाव्या गुरुवारी तिने उकळत्या पाण्यात नूडल्स सोडल्या आणि तेवढ्यात तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाला, "पुढच्या आठवड्यापासून माझा भाग बदललाय. इथे दुसरा माणूस येईल. त्याची जीभ चांगली आहे."

"आणि तुमची?"

"माझीही चांगलीच आहे."

"गेल्या गुरुवारी त्यात मीठच नव्हतं."

"माहीत आहे. पुठ्ठा चावल्यासारखं लागत होतं."

"मग नऊ कसे दिले?"

त्याने चौकटीला टेकून खाली पाहिलं. "आठ दिले असते तर तुम्ही हिरमुसला असता. दहा दिले असते तर प्रयोग संपला असता. नऊ दिले की… पुन्हा बोलावणं यायचं."

तिने झाऱ्या ओट्यावर ठेवला. "म्हणजे माझ्या सगळ्या नोंदी गेल्या."

"हो. माफ करा."

"नका मागू माफी," ती म्हणाली, आणि आवाज एवढा हळू का निघाला हे तिला समजलं नाही. "मला तेच हवं होतं."

"म्हणजे… पुढच्या गुरुवारी येऊ? लिफ्ट तर आता माझी नाही."

"जिन्याने ये. प्रयोगाला नाही, मला भेटायला."

तो 'ये' त्याने नीट ऐकला. दोन पावलं पुढे आला. तिचा हात ओला होता, तरी त्याने तो हातात घेतला. मग तो काय म्हणाला आणि ती काय म्हणाली, याची कुठेच नोंद नाही.

"अगं, गॅसवर काय ठेवलंयस?" बाहेरून बाबांनी विचारलं.

नूडल्स चौदा मिनिटं उकळल्या होत्या. पाकिटावर चार लिहिलं होतं.