पातळ खळ

दार उघडलं आणि छिंगहेच्या टेबलावरचं अर्धं पान उडालं.

"दार!" ती ओरडली. ओरडली म्हणजे ओठांतल्या ओठांत. मिंग राजवटीतल्या त्या कागदाचे कपटे काही नखाएवढे होते, काही तिळाएवढे. साधा सुस्कारा टाकला तरी ते जागा सोडत. म्हणून सुचौच्या ग्रंथालयातल्या त्या दुरुस्तीच्या खोलीत भर उन्हाळ्यातही पंखा नसे, आणि शिंक आली तर बाहेर पळायचं असा रिवाज होता.

दारात एक उंच तरुण अवघडून उभा होता. खांद्याला बासरीची लांबोडकी पिशवी.

"हलू नका," छिंगहे म्हणाली. "श्वाससुद्धा बेतानं घ्या."

"किती वेळ?"

"सगळे कपटे सापडेपर्यंत."

चिमटा घेऊन ती टेबलाखाली वाकली, फरशी धुंडाळली, स्वतःच्या बाह्या झटकून पाहिल्या. शेवटचा कपटा दिसला, तो त्याच्या डाव्या भुवईत. तिला टाचा उचलून उभं राहावं लागलं.

"डोळे मिटा."

"मिटले… आता श्वास घेऊ?"

"नको."

तिनं स्वतःचाही श्वास रोखून धरला होता. सवयीनं, असं तिला वाटलं.

त्याचं नाव ब्यान मू. तळ्याकाठच्या एका गावातल्या जुन्या संगीतनाटक मंडळीत तो बासरी वाजवायचा, आणि छिंगहेच्या टेबलावरची पोथी त्याच मंडळीच्या गाण्यांची होती. गळक्या छपराखाली भिजून-वाळून, भिजून-वाळून तिची वीट झाली होती. पानाला पान चिकटलेलं, कडांचा भुगा, मधे कसरीची भोकं. सुटे कपटे कुठल्या ओळीतले हे चाल ठाऊक असणाराच सांगू शकेल, म्हणून मंडळीनं त्याला पाठवलं होतं.

पोथी ओल्या फडक्यात गुंडाळून वाफेवर ठेवताना त्यानं डोकावून पाहिलं.

"बाओझीसारखी वाफवता? आत सारण काय आहे?"

"तुमचे पूर्वज."

"अरेरे… भूकच मेली."

तरीही दुपारी त्यानं दोन वाट्या शेवया संपवल्या. वर तिच्या वाटीतली कोळंबीही पळवली.

बांबूच्या पातीनं छिंगहे एकेक पान सोडवू लागली की तो ओठ मिटून, नाकातल्या नाकात चाल गुणगुणे. कसरीचं भोक आलं की थांबे. त्या थांबण्याची तिला हळूहळू सवय झाली. संध्याकाळी अंगणातल्या गुईहुआच्या बहरलेल्या, घमघमणाऱ्या झाडाखाली तो त्या दिवसाची पानं बासरीवर वाजवी, आणि ती वर खिडकीत, काम नसतानाही, ब्रश धूत बसे.

एकदा तो खळीच्या वाटीत पाहून म्हणाला, "ही खळ आहे की पाणी?"

"पातळच हवी. पुढे माझ्याहून हुशार कुणी आलं, तर त्याला माझं ठिगळ पाण्यानं सोडवता यायला हवं. जे सोडवता येत नाही, ते चिकटवायचं नाही."

"सगळ्याच बाबतीत?"

ती गडबडली. "कागदाच्या."

"बरं झालं विचारलं," तो म्हणाला, आणि उगाच कपटे मांडत राहिला.

त्या संध्याकाळी घरी जाताना तिच्या मनात आलं, सगळ्याच बाबतीत तर आहे. भाड्याच्या खोलीत तिनं भिंतीला एक खिळा ठोकला नव्हता. माणसांशीसुद्धा ती अशीच वागत आली होती… उद्या सहज सुटून जातील, अशी.

झाडाचा बहर सरला. पोथीचं शेवटचं पान हाती आलं.

"उद्या संध्याकाळच्या गाडीनं मी…" ब्यान मू म्हणाला आणि थांबला. इथे तर कसरीचं भोकही नव्हतं.

"हं," छिंगहे म्हणाली. एवढंच. शेवटचं ठिगळ तिनं मान वर न करता लावलं.

सकाळी तिच्या गुरू, ची शिफू, वाळवणाच्या फळीवरून ते पान काढायला गेल्या. ते झाडाच्या वाळक्या पानासारखं आकसलं होतं. ठिगळ नखासारखं कडक. शिफूंनी खळीच्या वाटीत बोट बुडवलं.

"घट्ट! अगं, शिकाऊ होतीस तेव्हासुद्धा असं केलं नाहीस. कुणाला जाऊ द्यायचं नव्हतं तुला?"

पिशवी खांद्याला लावून निरोप घ्यायला आलेला ब्यान मू दारातच होता. छिंगहेचे कान लाल झाले.

"चुकलं. सोडवते."

"सोडव. गरम पाणी मी आणते खालून." उभ्या जन्मात ज्यांनी स्वतःचा चहासुद्धा आणला नव्हता, त्या शिफू थर्मास घेऊन चालू पडल्या. "वेळ लागेल हं. गुडघे दुखतात माझे."

खोलीत दोघंच उरली.

"पानावर राग काढलात?" त्यानं विचारलं.

"राग नव्हता."

"मग?"

ती वाटीतली घट्ट खळ बोटांनी कालवू लागली. त्यानं पिशवी खाली ठेवली.

"छिंगहे…" नुसतं नाव घेण्याची त्याची ही पहिलीच वेळ. "पानाची खळ पातळ हवी, पटलं मला. पण मी काही पान नाही. मला सोडवायला पुढे कुणी हुशार माणूस येणार नाहीये."

"घट्ट खळीनं सुरकुत्या पडतात," ती पुटपुटली.

"पडू देत. वय झालं की तशाही पडतातच."

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. हे पान पुन्हा लावून वाळायला चारेक दिवस तरी लागतील, तोवर राहा, असं म्हणायचं तिनं ठरवलं होतं. मनातल्या मनात जुळवलेलं ते वाक्य तोंडाशी आलं, आणि तिनं ते गिळलं.

"राहा," ती म्हणाली. "पानासाठी नाही… माझ्यासाठी. राहशील?"

तिच्या बोटांना खळ लागलेली होती. त्यानं ती तशीच हातात घेतली.

जिन्यातून शिफूंचा आवाज आला, "पाणी आणू का गं वर?"

"नको," छिंगहे म्हणाली. "अजून वेळ आहे."