पान विसरलेले किडे

वरुडकडे संत्र्याचं झाड आता उघड्यावर दिसत नसे. उरलीसुरली झाडं दुहेरी जाळीच्या घरांत होती. हे सगळं सिला नावाच्या तिळाएवढ्या किड्यामुळे. तो पानातला रस शोषतो आणि शोषता शोषता ग्रीनिंग रोगाचे जीवाणू झाडात सोडतो. झाड पिवळं पडतं, वाळतं. इलाज नाही.

इलाज शोधायचा तर जीवाणू बाळगणारे किडे हवेत, आणि किडे पोसायला झाडं. ती कोण देणार? म्हणून मृणालिनी ढोमणे या संशोधिकेने ‘कृत्रिम पान’ बनवलं. मेणाच्या दोन पातळ पडद्यांमध्ये साखर, क्षार आणि अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे सुटे घटक, यांचं पाणी. किडा पडद्यात सोंड खुपसून ते पिई. सुरुवातीला बहुतेक मेले. जे तगले, त्यांचीच पिल्लं तिने पिढ्यान् पिढ्या वाढवली.

त्या दुपारी तिचा धाकटा भाऊ प्रल्हाद, स्वतः बागाईतदार, पांढरा पोशाख चढवून प्रयोगशाळा पाहायला आला. तिने त्याच्यादेखत पिंजऱ्यात संत्र्याची कोवळी फांदी ठेवली. एकही किडा फांदीकडे फिरकला नाही.

"पान विसरले म्हण की," प्रल्हाद हसला. "मंग सोडून दे ना ताई बाहेर. उपाशी मरतीन."

बाहेर हे जगणार नाहीत, असं तिलाही वाटत होतं.

फांदी काढायला त्याने हात आत घातला. हातमोजा आणि बाही यांच्यामध्ये बोटभर मनगट उघडं पडलं. त्या पिंजऱ्यात उघडं अंग आजवर कधी गेलं नव्हतं. बघता बघता किडे तिथे जमले. सिला पिताना डोकं खाली टेकवतो, मागचं अंग वर उचलतो. सगळे तसेच बसले होते.

मृणालिनीने कृत्रिम पानाकडे पाहिलं. साखर, क्षार, अमिनो आम्लं. आपण पाजत आलो ते झाडाच्या रसापेक्षा माणसाच्या रक्ताच्या जवळचं होतं, आणि त्यावर जगणारेच आपण निवडत गेलो.

"हात काढ. सावकाश."

मनगटावर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. तिचा चेहरा पाहून प्रल्हादचं हसू मावळलं.

"ताई, ते जीवाणू माणसात जगतात काय?"

"माहीत नाही. विचार करायची वेळच आली नव्हती."

"मी घरी जातो. पोरगी वाट पाहत असन."

मृणालिनीने दाराला आतून कुलूप घातलं.

"तू बी आतच राहशीन?"

"हो."

"किती दिवस?"

पिंजऱ्यातले किडे कृत्रिम पानावर परतले नव्हते. ही दोघं जिकडे उभी होती, त्या बाजूच्या जाळीवर ते एकेक करून येऊन बसत होते.