तांदळाच्या धुवणाचा वास

त्या वर्षी जयसिंगपुरात मुरूम औषधालासुद्धा सापडत नव्हता. कॉलेजातल्या पोरींचं सोडाच, बाजार समितीतले हमालही नाटकातल्या राजासारखे तुकतुकीत दिसत होते. ही सगळी करणी एका स्वस्त टोनरची. टोनर म्हणजे तोंड धुतल्यावर कापसाच्या बोळ्याने गालांवर फिरवायचं पाणी, पूर्वी पैसेवाल्या बायकांचे लाड. 'नितळ'ची बाटली मात्र दोन चहाच्या पैशांत मिळायची आणि एकच बाटली जन्माला पुरायची. कंपनीला धंदा कळत नाही, असं म्हणून लोक हसायचे.

पाणी हे नुसतं निमित्त होतं. त्यात प्रयोगशाळेत घडवलेले जिवाणू होते. कंपनीने त्यांचं 'सहचर' असं गोड नाव ठेवलं होतं. कातडीवर पोहोचले की ते तिथे घर करायचे, तिथलं तेल आणि घाम खाऊन राहायचे आणि मुरूम आणणाऱ्या जंतूंना हुसकून लावायचे. आठ दिवसांत चेहरा नितळ व्हायचा. मग पुन्हा काही लावायची गरज नसायची.

गावात हे पाणी सगळ्यांत आधी वैजयंता मगदूमने लावलं. सातव्या गल्लीत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं दोन खुर्च्यांचं पार्लर होतं. नवी वस्तू आली की आधी स्वतःच्या तोंडाला आणि मगच गिऱ्हाइकाच्या, हा तिचा पंचवीस वर्षांचा नियम. कंपनीची बाई नमुन्याची बाटली ठेवून गेली, तेव्हा वैजूने पहिल्या दिवशी कानामागे लावून बघितलं. काही आग झाली नाही, खाज आली नाही. दुसऱ्या दिवशी तिने तोंडभर लावलं. गार वाटलं. तांदळाच्या धुवणासारखा अगदी पुसट वास आला. बोळ्यात थोडं पाणी उरलं होतं. वाया कशाला घालवायचं, म्हणून तिने तो मधल्या खोलीत नेला आणि आईच्या सुकलेल्या तोंडावरून, गळ्यावरून, हातांवरून फिरवला.

आईचं, पद्मावतीबाईंचं, वय एक्याऐंशी. काचबिंदूने दृष्टी गेलेली आणि चार वर्षांपासून स्मरणही गेलेलं. नवरा विसरली होती, गाव विसरली होती, हाक मारली तर ती आपल्यालाच आहे हेही तिला कळत नव्हतं. एक गोष्ट तेवढी शिल्लक होती. रोज सकाळी वैजू पेजेची वाटी घेऊन बसली की आई चाचपडत तिचं तोंड जवळ ओढायची आणि मानेपाशी नाक नेऊन श्वास घ्यायची. मग तिच्या गालांवरून दोन्ही हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. अशी आलाबला घेऊन झाली की म्हणायची, "आलीयास व्हय वैजू?" त्यानंतर ती जेवायची, आणि वैजूच्याच हातून जेवायची. त्या तीन शब्दांवर वैजूचा दिवस निघायचा. आईपायी तिने लग्नही केलं नव्हतं आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नव्हतं.

नवव्या दिवशी आईने तोंड जवळ ओढलं, श्वास घेतला आणि तिला ढकलून दिलं.

"कोण गं तू? माझी वैजू कुठं हाय?"

"आई, मीच की गं!"

"सोड मला. वैजूला बलीव."

पेजेची वाटी लवंडली. त्या दिवशी आईने तोंड उघडलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तिने दोन घोट पाणी तेवढं घेतलं. वैजूने तोंड साबणाने घासलं, जुनी साडी नेसली, लहानपणीची गाणी म्हटली. काही उपयोग झाला नाही. शेवटी टोनरच्या बाटलीवरचा पत्ता शोधत ती मिरजेला गेली. सहचर ज्यांनी घडवला त्यांच्यातल्या एक, डॉक्टर शहनाज मुल्ला, तिथल्या प्रयोगशाळेत काम करत होत्या.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "वैजयंताताई, आपल्या ताज्या घामाला फारसा वास नसतो," त्या म्हणाल्या. "कातडीवरचे जिवाणू तो घाम खातात आणि मग वास येतो. हे आपले भाडेकरू समजा. प्रत्येकाचे भाडेकरू वेगळे, म्हणून प्रत्येकाचा वास वेगळा. आम्ही त्याला गंधछाप म्हणतो. अंगठ्याची छाप असते ना, तशीच."

"मग माझी छाप?"

"पुसली गेली. सहचर दुसऱ्या कुणाला राहू देत नाही. आता तुमच्या आणि माझ्या अंगाला एकच वास आहे."

"बाटली बाजारात आणायच्या आधी हे बघितलं नाही व्हय तुम्ही?"

"वास बघितला होता. सौम्य आहे, असं शंभर जणांनी लिहून दिलं. हा वास कुणाचा आहे, असं आम्ही त्यांना विचारलं नाही. तुमच्या आईंच्या आजारात पुष्कळांचं नाक आधी जातं. त्यांचं राहिलं, हेच नवल. पण त्यांना तेवढ्या एकाच खुणेचा आधार होता."

"मी फिनेलनं धुते तोंड."

"कातडी सोलून निघेल, तो निघणार नाही. एक मार्ग आहे. तुमचे जुने भाडेकरू कुठे जिवंत सापडले, तर मी ते वाढवून परत तुमच्या अंगावर वसवायचा प्रयत्न करीन. न धुतलेली उशी, टोपी, काही आहे?"

वैजूला रडू फुटलं. पार्लरवाली बाई ती. तिच्या घरातला टॉवेलच काय, पायपुसणंही उकळत्या पाण्यातून निघायचं. पण रडता रडता ती एकदम उठून उभी राहिली.

"आईची कानशिलं! जन्मभर माझ्या गालावरचं ती आपल्या कानशिलावर उतरवून घेतीया!"

डॉक्टरांचा चेहरा उजळला. त्याच दुपारी त्या काचेच्या नळ्या घेऊन जयसिंगपूरला आल्या. आईच्या कानशिलावर कापसाची काडी टेकवता टेकवता त्यांनी सहज विचारलं, "आईंना नितळ लावलं नाहीत ना?"

वैजूच्या डोळ्यांपुढे तो उरलेला बोळा आला. तिचा चेहरा बघूनच डॉक्टर समजल्या. तरीही त्यांनी नमुने घेतले, आणि पाच दिवसांनी फोन करून सांगितलं की सगळ्या नळ्यांत सहचर आहे, दुसरं काही नाही.

तोवर भुकेने आपलं काम केलं होतं. आई परक्या हातून घास घेऊ लागली होती. गिळताना तोंड वाकडं करायची, पण घ्यायची. महिन्याभराने एका सकाळी तिने वैजूचं तोंड जवळ ओढलं, श्वास घेतला, गालांवरून हात फिरवले आणि बोटं मोडली. "आलीयास व्हय वैजू?"

वैजू तिच्या मांडीत डोकं घालून मोठ्याने रडली. आईच्या नाकाने नवी खूण शिकून घेतली होती. त्या दिवशी तिने पार्लर बंद ठेवलं आणि गव्हाची खीर केली.

चौथ्या दिवशी राजमती पाटील भुवया करून घ्यायला आली. जुनं गिऱ्हाईक. वैजूने नितळ लावलेल्या पहिल्या चाळीस बायकांतली एक. आईची विचारपूस करायला ती मधल्या खोलीत गेली आणि वैजूला बाहेर बोटं मोडल्याचा आवाज आला.

"आलीयास व्हय वैजू?"

वैजू आत धावली. "आई, ती राजमती. मी वैजू!"

आईने तिलाही जवळ ओढून वास घेतला. "तू बी वैजूच की," ती समाधानाने म्हणाली.

वैजूने बाटल्या केव्हाच फेकून दिल्या होत्या, पण सहचराला आता बाटली लागत नव्हती. तो हातातून हातात आणि गालावरून गालावर जात होता. वीजमीटर बघायला आलेला माणूस वैजू झाला, पोलिओचा डोस द्यायला आलेली नर्स वैजू झाली. आई कुणाच्याही हातून जेवू लागली. शेजारणी म्हणायच्या, आता तुझा जीव सुटला गं. वैजू हसून मान हलवायची आणि पार्लरच्या खुर्चीत जाऊन बसायची. आई सुखात होती. तिच्या त्या सुखात आपल्याला आता जागा नाही, हे वैजूला पक्कं कळलं होतं आणि ते सोसत नव्हतं.

पौषात एका सकाळी ती आईची औषधं आणायला गेली. राजमती सोबतीला बसली होती. वैजू परत आली तेव्हा आई गेली होती.

"शेवटी माझ्या तोंडावरनं हात फिरवले बघ," राजमती डोळे पुसत म्हणाली. "'वैजू, लई केलंस गं माझं, आता जेवून घे' म्हणाल्या. मी 'व्हय आई' म्हटलं. बरं केलं न्हवं?"

"बरं केलंस," वैजू म्हणाली.

तेराव्यानंतर पाहुणे गेले, तेव्हा तिने आईची गोधडी काढली. ही एकच वस्तू तिने या वेळी धुतली नव्हती. दार लावून तिने त्यात तोंड खुपसलं आणि छाती भरून श्वास घेतला. तांदळाचं धुवण. तिने राजमतीची विसरलेली शाल हुंगली. गिऱ्हाइकाचा टॉवेल हुंगला. मग स्वतःचा तळहात. सगळीकडे तेच. आईचा खरा वास कसा होता, हे आठवायला ती तासभर भिंतीला टेकून बसली आणि तिला तो आठवला नाही.

आता बाजारात भाजी घेताना कुणी अगदी जवळून गेलं, की वैजयंता मगदूमची मान गर्रकन वळते आणि "आई?" असं तिच्या तोंडून निघून जातं. तो कधी हमाल असतो, कधी शाळेची पोरगी. ते तिच्याकडे बघतात आणि पुढे जातात. त्या सगळ्यांचे चेहरे अगदी नितळ असतात.